आधी रिकामा तक्ता, मग सर्व्हे: सामाजिक संशोधन करायचं कसं

तीनशे फॉर्म भरून झालेत, सगळे एक्सेलमध्ये टाकलेत, आता यातून काय निघतं ते जरा बघून सांगा ना, असं विचारत कुणीतरी येतं आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या मुलाने किंवा मुलीने चार-सहा महिने उन्हातान्हात फिरून काम केलेलं असतं आणि चूक झालेली असते ती अगदी पहिल्या आठवड्यात. काय शोधायचंय ते ठरलं की त्यातून फॉर्म तयार होतो, आणि इथे बहुतेकांचा फॉर्म आधी तयार असतो. मी पण हे उशिरा शिकलो. माझ्या पहिल्या अभ्यासात ४२ प्रश्न होते, पण ज्या एका गोष्टीवर सगळा निष्कर्ष टांगलेला होता, म्हणजे दोन घटनांपैकी आधी कुठली घडली आणि नंतर कुठली, ती विचारणारा प्रश्नच त्यात नव्हता. परत त्या घरांमध्ये जाणं शक्य नव्हतं. शेवटी तो सगळा भाग मला गाळावा लागला.

म्हणून सामाजिक संशोधन म्हणजे काय, त्याचे प्रकार किती, व्याख्या काय, हे सगळं बाजूला ठेवतो, ते कुठल्याही गाईडमध्ये मिळेल. एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊया. समजा आपला विषय आहे घरातल्या म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाची काळजी. कोण घेतं ती, आणि घेणाऱ्याच्या नोकरीधंद्याचं काय होतं.

हा झाला विषय. विषय आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचे आराखडे, इथेच अडकतात. 'वृद्धांची काळजी : एक अभ्यास' यात शोधायचं काय ते कुठेच नाही. प्रश्न असा पाहिजे की ज्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकेल. उदाहरणार्थ, आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काळजी घ्यावी लागली तर माणूस पगारी काम सोडतो का, आणि यात बाई आणि पुरुष यांच्यात फरक पडतो का? बघा, आता याच्यात कोण, किती, कशाशी तुलना, सगळं आलं. उत्तर 'हो' पण येऊ शकतं, 'नाही' पण येऊ शकतं, आणि दोन्ही उत्तरं कामाची आहेत. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आधीच पक्कं माहिती आहे आणि तुम्ही फक्त आकडे जोडायला निघाला आहात, तो प्रश्न सोडून द्या.

प्रश्न कुठल्या जातीचा आहे तेही लगेच बघून घ्यायचं. 'किती' असा असेल तर मोजणी लागते, सर्व्हे लागतो. 'कशामुळे' असा असेल तर नुसता सर्व्हे पुरत नाही, तुलना लागते आणि काळाचा क्रम लागतो. 'कसं' किंवा 'त्यांना काय वाटतं' असा असेल तर लोकांजवळ बसून निवांत बोलावं लागतं, फॉर्मवरचे चार चौकोन तिथे काही कामाचे नाहीत. लोक यातला 'कशामुळे'वाला प्रश्न घेतात आणि 'किती'वाल्या पद्धतीने करतात, आणि मग शेवटी निष्कर्षात 'परिणाम झाला' असं ठोकून देतात.

आता रिकामा तक्ता. एरवी आधी कळस मग पाया असं आपण नावं ठेवायला म्हणतो, पण संशोधनात कळस कसा दिसणार याचं चित्र कागदावर काढल्याशिवाय पाया खोदायला घेऊच नये. फॉर्ममधला पहिला प्रश्न लिहायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा तक्ता काढा, आकडे न भरता. आपल्या उदाहरणात डावीकडे काळजीचे तास येतील, शून्य, १ ते १०, ११ ते २०, २० च्या वर. वर येईल काम चालू आहे, काम कमी केलं, काम सोडलं. आणि असे दोन तक्ते, एक बायकांचा, एक पुरुषांचा. आता त्यात पेन्सिलीने मनातले आकडे भरा, आधी तुमचं म्हणणं खरं ठरेल असे, मग ते खोटं ठरेल असे, आणि दोन्ही वेळेला खाली एक-एक वाक्य लिहा की यावरून मी काय म्हणेन. दोन्ही वेळेला तेच वाक्य येत असेल तर प्रश्नच गडबड आहे. आणि तक्त्यात एखादी रांग भरायला लागणारी माहिती फॉर्ममध्ये कुठेच विचारली जाणार नसेल, तर ते तुम्हाला आत्ता कळेल, सहा महिन्यांनी नाही. उलटही खरं आहे, फॉर्ममधला जो प्रश्न कुठल्याच तक्त्यात जात नाही तो काढून टाका, कारण समोरच्याचा वेळ फुकट नाही. मला विचाराल तर अख्ख्या संशोधनातली ही एक दुपार सगळ्यात मोलाची आहे आणि नेमकी हीच कुणी देत नाही.

तक्ता काढला की लगेच एक शंका यायला पाहिजे. समजा निघालं की जास्त काळजी घेणाऱ्यांमध्ये काम सोडलेले लोक खूप आहेत. मग काळजीमुळे काम सुटलं का? की ज्याला काम नव्हतं, किंवा ज्याचा पगार घरात सगळ्यात कमी होता, त्याच्याच गळ्यात काळजी पडली? दोन्ही गोष्टींमध्ये तक्ता अगदी सारखाच दिसेल! यालाच मी वर आधी काय आणि नंतर काय म्हणालो. औषधाच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून अर्ध्या लोकांना औषध देता येतं, पण चिठ्ठ्या टाकून कुणाच्या घरात आजारी माणूस ठेवता येत नाही, त्यामुळे समाजाच्या बाबतीत बऱ्याच वेळा प्रयोगाचा रस्ता बंद असतो. मग जवळचे रस्ते धरायचे. त्याच लोकांकडे वर्षा-वर्षाने परत जायचं, हे उत्तम पण महाग. नाहीतर एकाच भेटीत मागच्या पाच वर्षांची कामाची पट्टी काढायची, कुठल्या वर्षी काय काम होतं, आजारपण कधी सुरू झालं, लग्न, बाळंतपण, घर बदललं, असे ठळक टप्पे आधी मांडले की बाकीचं आठवायला सोपं जातं. आणि वय, शिक्षण, घरातली कमाई या गोष्टी विचारून ठेवायच्या, म्हणजे नंतर निदान सारख्या परिस्थितीतल्या माणसांची सारख्यांशी तुलना करता येते. एवढं करूनही शंभर टक्के खात्री मिळत नाही, पण 'संबंध दिसतो' आणि 'यामुळे झालं' यातलं अंतर कमी होतं.

आधी कुणी काय केलंय ते वाचायचं हे सगळे सांगतात, का वाचायचं ते कमी जण सांगतात. प्रबंधातलं प्रकरण दोन भरायला नाही. दुसऱ्यांनी तीच गोष्ट मोजायला कुठला प्रश्न वापरला, काय फसलं, आणि कुठे त्यांचे निकाल एकमेकांशी भांडतात, हे बघायला. तयार आणि तपासलेला प्रश्न मिळाला तर तो रीतसर श्रेय देऊन वापरा, स्वतःचा नवीन बनवायचा हट्ट नको, तुलना पण करता येते मग.

यानंतरचा भाग दिसायला सोपा आणि करायला सगळ्यात अवघड. 'काळजी घेणं' म्हणजे नक्की काय? अंघोळ घालणं आलं, औषधं देणं आलं. रात्री दोनदा उठून बघणं? दवाखान्यात नंबर लावून बसणं? आणि काहीच न करता फक्त घरात थांबणं, कारण एकटं सोडता येत नाही, ते धरायचं की नाही? हे धरलं तर एखाद्याचे आठवड्याचे ६० तास होतात, सोडलं तर ८. म्हणजे तुमचा निष्कर्ष या एका व्याख्येवर उलटू शकतो. जे काही ठरवाल ते लिहून ठेवा आणि सगळ्यांना तेच लावा.

मग प्रश्नांची भाषा. शब्द बदलला की उत्तर बदलतं, हे काही नुसतं म्हणायला नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड रग यांनी एक साधी गोष्ट करून बघितली. लोकशाहीविरोधी भाषणांना 'बंदी घालावी का' असं विचारल्यावर साधारण ५४ टक्के लोक बंदी घाला म्हणाले, आणि दुसऱ्या तशाच गटाला 'परवानगी द्यावी का' असं विचारल्यावर ७५ टक्के लोक देऊ नका म्हणाले. अर्थ एकच, पण बंदी हा शब्द लोकांना जड वाटला, आणि तेवढ्याने वीसेक टक्के हलले. तेव्हा आपल्या फॉर्ममध्ये 'तुम्हाला काळजीचं ओझं वाटतं का' असं विचारलं तर ओझं हा शब्दच कित्येकांना लागेल, कोण म्हणेल की आपली आई ओझं आहे? त्याऐवजी मागच्या महिन्यात किती रात्री झोपमोड झाली, स्वतःचं एखादं काम, एखादी डॉक्टरची वेळ पुढे ढकलावी लागली का, असं घडलेलं विचारायचं. 'काळजी आणि घरकाम दोन्ही तुम्हीच करता का' असले जोडप्रश्न तर अजिबातच नकोत, एक करतो आणि दुसरं नाही त्याने काय सांगायचं. आणि 'साधारणपणे रोज किती तास' याच्यापेक्षा 'काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत' हे विचारलेलं चांगलं. 'साधारणपणे' म्हटलं की माणूस स्वतःबद्दल त्याला जे वाटतं ते सांगतो, काल म्हटलं की निदान आठवायचा प्रयत्न तरी करतो.

लोक सांगतात एक आणि करतात दुसरं, याचं एक जुनं आणि जबरदस्त उदाहरण आहे. रिचर्ड लापियेर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर प्रवास केला. तेव्हा तिकडे चिनी लोकांबद्दल उघड राग होता. ते २५१ हॉटेलांत, खानावळींत गेले आणि नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का? ज्यांनी उत्तर दिलं अशा १२८ पैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांनी नाही म्हणून कळवलं. इथे तर लोक बोलण्यात वाईट आणि वागण्यात चांगले निघाले, इतर वेळी उलट असतं. त्यामुळे मत विचारून वागणुकीबद्दल बोलायचं नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धे चुकीचे निष्कर्ष टळतील.

आता सॅम्पल, म्हणजे सगळ्यांमधून निवडलेले थोडे लोक. शितावरून भाताची परीक्षा होते कारण भांड्यातला भात सगळीकडे सारखा शिजतो. समाज तसा शिजलेला नसतो, वरून घेतलेलं शीत आणि तळातलं शीत वेगळं निघतं, म्हणून कुठून उचललं हे किती उचललं यापेक्षा मोठं. १९३६ ची अमेरिकन अध्यक्षपदाची निवडणूक यासाठी दरवेळी सांगितली जाते आणि ती सांगावीच लागते. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने साधारण १ कोटी लोकांना पत्रं पाठवली, २० लाखांच्या वर उत्तरं परत आली, आणि त्यावरून लँडन हे उमेदवार सहज निवडून येणार असं छापलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ६० टक्क्यांहून जास्त मतं घेऊन आले, लँडनना फक्त दोन राज्यं मिळाली. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी साधारण ५० हजारांच्या सॅम्पलवर रूझवेल्ट येणार हे बरोबर सांगितलं होतं. साप्ताहिकाची यादी फोन आणि मोटारी असलेल्यांची होती, म्हणजे खात्यापित्या घरांची, हे सगळ्यांना माहिती असतं. पण दुसरी अर्धी गोष्ट कमी सांगितली जाते, की १ कोटीतल्या चारातल्या तिघांनी उत्तरच दिलं नाही, आणि ज्यांनी दिलं त्यांच्यात रूझवेल्टवर चिडलेले जास्त होते. म्हणजे यादी सुधारली असती तरी गाडी घसरलीच असती.

हे आपल्या उदाहरणाला लावा. काळजी घेणाऱ्यांचा सर्व्हे करताय, तर तुम्हाला 'आत्ता वेळ नाही' म्हणून दारातून परत पाठवणार कोण? जिच्यावर सगळ्यात जास्त भार आहे तीच. सर्व्हेत येणार त्या ज्यांना थोडी उसंत आहे, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये निघणार की परिस्थिती तशी बरी आहे. म्हणून एकदा दार वाजवून 'बंद होतं' असं लिहून पुढच्या घरी जायचं नाही, वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा तरी परत जायचं, आणि कितीजणांनी नकार दिला, का दिला, हे मोजून रिपोर्टमध्ये लिहायचं. नकार देणाऱ्याला दारातच दोन प्रश्न विचारता आले तर अजून चांगलं, घरात आजारी कोण आहे का आणि रात्री उठावं लागतं का, तेवढ्यावरून कळतं की निसटणारे लोक वेगळे आहेत की सारखेच.

अजून एक सापळा, घरात उत्तर कोण देतं. दार उघडतो घरातला कर्ता पुरुष, 'विचारा, मी सांगतो' म्हणतो आणि सुनेच्या किंवा बहिणीच्या वतीने सगळी उत्तरं देऊन मोकळा होतो. काळजीचे तास त्याला कसे माहिती असणार, तो घरात नसतोच तेव्हा. कुणाशी बोलायचं हे फॉर्मच्या पहिल्या पानावर नियम म्हणून लिहिलेलं पाहिजे आणि त्याच माणसाशी बोलायचं.

किती लोक घ्यायचे हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. चिठ्ठी पद्धतीने नीट निवडलेले ४०० लोक असतील तर टक्केवारीत साधारण ५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, १००० असतील तर ३, आणि २ वर आणायचं असेल तर २४०० लागतात. चूक निम्मी करायची तर लोक चौपट. लोकसंख्या लाखात आहे की कोटीत याने यात जवळजवळ काही फरक पडत नाही, हे लोकांना पटत नाही पण तसंच आहे. मात्र हा हिशोब अख्ख्या सॅम्पलचा. त्या ४०० मध्ये प्रत्यक्ष काळजी घेणारे ६० च निघाले तर त्यांच्याबद्दलच्या टक्केवारीत १२-१३ टक्क्यांची ढिलाई आली, म्हणजे तिथे तुम्ही काहीच ठामपणे बोलू शकत नाही. हे कळायला परत तोच रिकामा तक्ता उपयोगी पडतो, प्रत्येक चौकोनात किती माणसं पडतील याचा अंदाज आधी करा, पाच-सात पडत असतील तर एकतर चौकोन कमी करा किंवा त्या गटातले लोक मुद्दाम जास्त घ्या. आणि ओळखीच्यांना लिंक पाठवून आलेले ४०० असतील तर वरचा कुठलाच आकडा लागू नाही. तसं सॅम्पल घेऊच नये असं मी म्हणत नाही, कधीकधी तेवढंच शक्य असतं, पण मग 'इतके टक्के लोक' असं लिहायचं नाही.

सखोल मुलाखतींना मात्र हे गणित लावायचं नसतं, तिथे नवीन काही कळायचं थांबलं की थांबायचं. आफ्रिकेतल्या दोन देशांत घेतलेल्या ६० मुलाखती ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तपासल्या तर बहुतेक सगळे मुद्दे पहिल्या १२ मध्येच येऊन गेले होते. पण ते सगळे लोक बरेचसे एका परिस्थितीतले होते आणि प्रश्नही तेच होते. तुमच्याकडे मुलगी, सून, मुलगा, पगारी मदतनीस असे वेगवेगळे लोक असतील तर प्रत्येकातले काहीजण पाहिजेत, १२ हा काही मंत्र नाही.

आणि आकडे की गोष्टी हे भांडण मला कधीच कळलं नाही. ज्यांना वाटतं की दोन्ही एकत्र जमत नाही त्यांनी मारिएनथालचा अभ्यास बघावा. ऑस्ट्रियातलं हे एक छोटं गाव, एकाच कापड गिरणीवर चालणारं, गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी त्याच्यावर केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. ४७८ कुटुंबांची माहिती त्यांनी गोळा केली, जेवणाच्या नोंदी ठेवल्या, दिवसभराचे वेळेचे तक्ते भरून घेतले. वाचनालयातून किती पुस्तकं जातात ते पाहिलं, तर लोकांकडे आता वेळच वेळ असूनसुद्धा वाचन कमी झालं होतं. रस्त्यावरून जाणाऱ्यांचा चालण्याचा वेग मोजला, पुरुष हळू चालत होते आणि मध्ये मध्ये थांबत होते, बायका भराभर जात होत्या कारण त्यांचं घरचं काम काही संपलं नव्हतं. बेकारीने माणसाचं काय होतं हे 'तुम्हाला कसं वाटतं' असं न विचारता त्यांनी पावलांवरून वाचलं! मला या अभ्यासाबद्दल अजून एका गोष्टीसाठी आदर आहे, नुसते बघे म्हणून गावात फिरायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, कपडे वाटले, डॉक्टरी तपासणीची सोय केली, गावाला काहीतरी दिलं.

याच्या दुसऱ्या टोकाला टस्कीगीचा अभ्यास. अमेरिकेत १९३२ पासून १९७२ पर्यंत साधारण ६०० काळ्या पुरुषांवर एक सरकारी अभ्यास चालला, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस हा लैंगिक आजार होता. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलं नाही, आणि पेनिसिलिन हे त्यावरचं औषध उपलब्ध झाल्यावरही ते दिलं नाही, आजार पुढे कसा जातो ते फक्त बघत राहिले. हा वैद्यकीय अभ्यास होता, पण आज समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे अभ्यासात लोकांना त्रास होणार नाही ना हे तपासणाऱ्या समितीपुढे, जावं लागतं त्याच्या मुळाशी तो आहे. त्यानंतर १९७९ मध्ये बेलमाँट अहवाल आला आणि त्यात तीन तत्त्वं मांडली गेली, माणसाचा मान ठेवा, त्याचं भलं बघा आणि नुकसान टाळा, आणि न्यायाने वागा. संमतीपत्र म्हणजे सही घ्यायचा कागद असं समजू नका. मी कोण, हे कशासाठी, किती वेळ लागेल, कधीही उठून जाता येईल, नको त्या प्रश्नाला नाही म्हणता येईल, आणि याने तुम्हाला कुठलीही योजना किंवा पैसे मिळणार नाहीत, हे स्वच्छ बोलून सांगायचं. शेवटचं वाक्य फार जण गाळतात, कारण ते सांगितलं की काहीजण बोलायचं थांबतात. तरी सांगायचं.

आपल्या उदाहरणात तर अजून एक नाजूक गोष्ट आहे, ज्यांची काळजी घेतली जाते ते त्याच खोलीत पलंगावर असतात आणि सगळं ऐकत असतात. अशा वेळी मुलगी खरं बोलणार नाही, आणि बोलली तर त्या म्हाताऱ्या माणसाला काय वाटेल याचा विचार कुणी करायचा? आपणच. वेगळी जागा, वेगळी वेळ मागायची, नाही जमलं तर ते प्रश्न सोडून द्यायचे. आणि नावं-पत्ते एका फाइलमध्ये, उत्तरं दुसऱ्या फाइलमध्ये, मध्ये फक्त नंबर, हे पहिल्या दिवसापासून. माहिती लोकांची असते, आपल्याकडे ती ठेवायला दिलेली असते.

एवढं झालं की पायलट, म्हणजे छोटी चाचणी. दहा-पंधरा लोकांवर फॉर्म चालवून बघायचा, आणि हे लोक मुख्य सॅम्पलमधले नकोत. नुसता भरून घ्यायचा नाही, प्रत्येक प्रश्नानंतर विचारायचं की तुम्हाला यातून काय विचारलंय असं वाटलं. तिथे कळतं की आपण 'काम' म्हणजे पगारी काम समजत होतो आणि समोरची बाई घरचं काम समजून उत्तर देत होती. किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून बघा, अर्ध्या तासाच्या पुढे गेला की लोक काहीही टिक करायला लागतात. आणि पायलटच्या डेटावरून तुमचा तक्ता खरंच भरून बघा, अगदी १५ लोकांचा का असेना.

फील्डवर्कबद्दल थोडक्यात, कारण ते करूनच येतं. रोजची डायरी त्याच रात्री लिहा, दुसऱ्या दिवशी अर्धं विसरलेलं असतं. मुलाखती घेणारे एकापेक्षा जास्त असतील तर दर दहातल्या एका घरी कुणीतरी दुसऱ्याने परत जाऊन दोन-चार प्रश्न पडताळायचे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांची यावरची युक्ती मला फार आवडते, एकाच भागातून दोन स्वतंत्र सॅम्पल काढायची, दोन वेगळ्या टीमना द्यायची आणि शेवटी निकाल शेजारी ठेवायचे. फारच वेगळे आले तर फरक लोकांमध्ये आहे की आपल्या टीममध्ये, हा प्रश्न तोंड वर काढतोच.

डेटा भरताना मूळ फाइल एक, तिला हात लावायचा नाही, काम सगळं कॉपीवर. उत्तर नाही म्हणून ९९ असा कोड टाकला असेल तर तो काढल्याशिवाय सरासरी काढू नका, नाहीतर सॅम्पलचं वय उगाच वाढतं. हे बारीकसारीक वाटेल, पण २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नावाजलेल्या अर्थतज्ज्ञांच्या सरकारी कर्जावरच्या पेपरमध्ये एक्सेलच्या फॉर्म्युल्यातून पाच देश सुटले होते, शिवाय काही आकडे वगळलेले होते आणि सरासरी काढायची पद्धतही वादाची होती. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून तो निकाल परत काढायचा प्रयत्न केला, जमेना, म्हणून मूळ फाइल मागितली, आणि मग हे बाहेर आलं. खूप कर्ज असलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे ०.१ टक्के दाखवली होती ती दुरुस्त केल्यावर २.२ टक्के निघाली. त्यांनी फाइल दिली म्हणून चूक सापडली, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमची फाइल पण अशी ठेवा की उद्या कुणी मागितली तर देता येईल आणि त्याला ती कळेल.

विश्लेषणात सगळ्यात मोठा मोह म्हणजे काहीतरी निघेपर्यंत ढवळत बसणं. नेहमीच्या ५ टक्क्यांच्या कसोटीवर एकमेकांशी संबंध नसलेल्या २० गोष्टी तपासल्या, आणि खरं तर कशातच काही नसलं, तरी निदान एकात 'सिग्निफिकंट', म्हणजे नुसता योगायोग नाही असा, निकाल येण्याची शक्यता ६४ टक्के आहे. मग ते एक छापलं जातं आणि १९ कुणाला दिसत नाहीत. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० छापून आलेले अभ्यास परत करून बघितले, मूळच्या ९७ टक्क्यांमध्ये सिग्निफिकंट निकाल होता, परत केल्यावर तो ३६ टक्क्यांमध्येच आला. यातले सगळे खोटारडे होते असं अजिबात नाही, बहुतेकांनी प्रामाणिकपणे ढवळलं होतं. म्हणून तुमचे ते रिकामे तक्ते तारीख टाकून तुमच्या मार्गदर्शकाला डेटा यायच्या आधी मेल करून ठेवा. नंतर वेगळं काही सुचलं तर जरूर बघा, फक्त लिहिताना सांगा की हे आधी ठरवलेलं नव्हतं, डेटा बघितल्यावर सुचलं.

मुलाखतींच्या कोडिंगला, म्हणजे बोलण्यातल्या मुद्द्यांना नावं देऊन गट पाडण्याला, पण शिस्त लागतेच. थोड्या ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे मुलाखतींची लिहून काढलेली पानं, दोघांनी वेगवेगळ्या बसून कोड करायच्या आणि मग जुळवायच्या, जिथे जुळत नाही तिथे कोडची व्याख्या कच्ची आहे असं समजायचं.

लिहिताना मर्यादांचा परिच्छेद शेवटी उरकून टाकू नका. 'वेळ आणि पैसा कमी होता' ही मर्यादा कुणालाच कामाची नाही. 'ज्यांनी नकार दिला त्यांच्यात रात्री उठावं लागणारे जास्त होते, त्यामुळे आमचा आकडा खऱ्यापेक्षा कमी असावा' ही कामाची, कारण चूक कुठल्या दिशेला झुकली असेल ते तिच्यातून कळतं. ज्यांच्याकडे गेलो होतो त्यांच्यासाठी दोन पानांचा वेगळा कागद करायचा, त्यांच्या भाषेत, टक्केवारी कमी आणि निघालं काय ते जास्त, आणि तो स्वतः नेऊन द्यायचा, त्यांनाच वाचून दाखवायचा. तिथे कुणी म्हणालं की 'हे असं नाहीये, तुम्ही चुकीचं समजलात', तर वही काढा आणि लिहून घ्या, अजून रिपोर्ट जमा करायचा आहे तोवर तो बदलता येतो.